नऊवारीतला नोकर

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आल्यावर तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकात मला काम मिळालं. नाटक विनोदी होतं. एक भित्रा सरदार राजकन्येला सोडवायला निघतो आणि वाटभर स्वतःची फजिती करून घेतो. सरदार होते एक रिटायर्ड इंजिनिअर काका. दरवर्षी ते नुसते स्टेजवर आले तरी हॉल हसायला लागायचा. मी त्यांचा नोकर. किल्ल्यात शिरण्यासाठी म्हातारीचं सोंग घ्यायचं, एवढंच काम. वाक्यं जेमतेम चार.

प्रयोगाच्या दिवशी काकूंनी मला पार्किंग लॉटमध्ये बाजूला घेतलं. "हल्ली ते विसरतात रे. डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. कुणाला सांगू नकोस, पण स्टेजवर त्यांच्या जवळ राहा."

मेकअप करताना मी काकांचीच वाक्यं घोकत होतो.

पहिला अंक निभावला. काका अडकले की मी हळूच शब्द पुरवायचो. मग मी नऊवारी नेसून, पांढरा विग लावून, कमरेत वाकून आत आलो. हशा झाला. काकांनी विचारायचं होतं, "ए म्हातारे, किल्ल्याचा दरवाजा कुठं?" पण ते माझ्याकडे नुसतेच बघत राहिले.

"किल्ल्याचा दरवाजा..." मी पुटपुटलो.

त्यांनी तलवार खाली ठेवली. "आई? एवढ्या लांब कशी आलीस गं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांचे डोळे भरले होते, ते फक्त मला दिसत होतं. विंगेत काकू तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

"तुला न्यायलाच आले," मी म्हातारीच्या आवाजात म्हणालो. "चल."

त्यांनी निमूटपणे माझा हात धरला. विंगेत काकूंनी त्यांना खुर्चीत बसवून पाणी दिलं. पुढचा प्रवेश आम्ही सरदाराशिवायच रेटला. राजकन्या आपली आपणच पळाली, लोकांना तेही आवडलं.

पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "डॉक्टरकडे यायला तयार झालेत. पण तू ड्राइव्ह करणार असशील तरच, म्हणतात."

मी गेलो. गाडीत काका अगदी नेहमीसारखे बोलत होते, ट्रॅफिकला शिव्या देत होते. मी मात्र आरशात त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. आता ते मला काय म्हणून हाक मारतील, याची धाकधूक क्लिनिकचं दार येईपर्यंत मनातून गेली नाही.