बेलच्यावरचे बटाटे

माझ्या भाचीच्या कंपनीने जो व्हिडिओ गेम काढलाय, त्यात बटाटा खाल्ला की माणसाला ताकद येते. साधा बटाटा नव्हे. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचं जे फावडं असतं, ज्याला बाबा बेलचा म्हणतात, त्याच्यावर भाजलेला बटाटा. आमच्या घराण्यात तोच बटाटा खाल्ला म्हणून माझ्या वडिलांना पंगतीतून उठवलं होतं. आता माझा चुलतभाऊ त्या बटाट्याचं कौतुक रामघाटावर भेटेल त्याला सांगतो, आणि ते माझ्या कानावर आलं की माझा दिवस खराब जातो.

आम्ही काशीतले मराठी. ब्रह्माघाटाच्या गल्लीत आमचं घर, घरात वेदांची पाठशाळा. बाबा भावंडांत धाकटे. त्यांचा आवाज चांगला होता, पण संथा म्हणताना पुलावरून गाडी गेली की हे मध्येच गप्प होऊन ऐकत बसायचे. शेवटी ते गंगेपलीकडे मुगलसरायच्या शेडमध्ये इंजिनं पुसायला लागले. पळून नाही गेले, सगळ्यांना सांगून गेले. मग फायरमन झाले, पुढे ड्रायव्हर. थोरल्या काकांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाने, नोकरीला नाक मुरडलं पण अडवलं नाही. दर महिन्याला घरात पगार येणार होता, तो कोणाला नको होता?

अडलं ते बटाट्यावर. बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. फायरमन असताना एकदा गाडीवरून आले आणि आजीला मोठ्या कौतुकाने सांगून टाकलं, की सिग्नलला गाडी खोळंबली होती तेव्हा भट्टीच्या तोंडाशी बेलचा धरून आम्ही बटाटे भाजले, ड्रायव्हरसाहेबांनी आपल्या हाताने सोलून मीठमिरची लावून दिले, असे बटाटे जन्मात खाल्ले नव्हते. ड्रायव्हरसाहेब मुसलमान होते. थोरले काका पलीकडे संध्या करत बसले होते. संध्या पुरी होईपर्यंत ते थांबले, नियमाला पक्के. मग बाहेर आले आणि बाबांची पंगत बंद केली.

हे सगळं मी जन्मायच्या आधीचं. मला आठवतं ते एवढंच, की सणावाराला आत केळीच्या पानांची रांग असायची आणि बाबा चौकातल्या नळापाशी पाटावर बसून पितळी ताटात जेवायचे. बाकीच्यांची पानं काकू उचलायची. बाबा आपलं ताट आपण राखेने घासायचे, नळाशेजारच्या कोनाड्यात उपडं ठेवायचे आणि आतल्या बाजूला तोंड करून सांगायचे, "धुतलंय हो." सांगितलं नाही तर काकू ते पायाने बाजूला सारायची. मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, बाबा कोळशात काम करतात ना, म्हणून. मला ते पटलं. मी त्यांना आंघोळीच्या वेळी साबण नेऊन द्यायची आणि म्हणायची, नीट लावा. ते नीट लावायचे.

आजी गेली तेव्हाही तेच. पिंड थोरल्या काकांनी दिले, ती रीतच होती. पण स्वतःच्या आईच्या तेराव्याला हा मुलगा नळापाशी जेवला. त्यानंतर माझी आई हटून बसली आणि आम्ही रामघाटाच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्या घेऊन वेगळे झालो. आता आई नाही. थोरले काकाही गेले. त्यांचं घर त्यांच्या मुलाकडे आलं, आणि घराबरोबर त्यांचा नियमही. त्याला मी दादा म्हणते, वयाने मोठा आहे म्हणून.

गेल्या थंडीत हा दादा आमच्या दारात उभा. हातात मलइयोचे, म्हणजे थंडीत इथे मिळणाऱ्या दुधाच्या गोड फेसाचे, मातीचे कुल्हड, मागे बंगळूरहून आलेली त्याची मुलगी. इतक्या वर्षांत आमच्या घरी पाऊल न टाकलेला माणूस गोड घेऊन येतो तेव्हा काहीतरी हवं असतं. मी म्हटलं, "दादा, ताकाला आलायस तर भांडं पुढे कर." भाची हसली. ती सरळ मुलगी आहे, तिच्यावर माझा राग नाही. तिनेच सांगितलं. त्यांची कंपनी एक गेम बनवत होती. इंग्रजांच्या काळातला. एक क्रांतिकारक बाई आहे, ती धावत्या आगगाडीच्या टपावरून पळते, या डब्यावरून त्या डब्यावर उडी मारते, शिपायांशी तलवारीने लढते आणि इंजिनापर्यंत पोचून गाडी ताब्यात घेते. "आत्या, नेटवर सगळं मिळतं," ती म्हणाली, "पण स्टीम इंजिन चालवलेला माणूस आपल्या घरातच आहे, तर दुसरीकडे कशाला जायचं?"

आपल्या घरातच. मी दादाकडे पाहिलं. तो मलइयो खात होता.

बाबा नव्वदीला टेकलेत. गुडघे गेलेत, पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे. स्वयंपाकघरातून माझं सूप आणलं, पाय फाकवून उभे राहिले आणि कंबरेतून वळून कोळसा कसा मारायचा ते दाखवू लागले. भाचीने मोबाइलवर सगळं घेतलं. चढावर इंजिन कसं धापा टाकतं, पुलावर आवाज कसा पोकळ होतो, शिट्टी लांब कधी आणि तुटक कधी, सगळे आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवले. शेजारीण डोकावून गेली. आणि मग, अगदी आजीला सांगितला असेल तसा, तो बटाटा. मीठमिरची, ड्रायव्हरसाहेब, असे बटाटे जन्मात खाल्ले नाहीत.

"वा काका, क्या बात है!" दादा म्हणाला.

"हाच तो बटाटा, दादा," मी म्हटलं.

"अगं, पुरानी गोष्ट सोड ना आता. कोण मानतं हे सगळं?"

कोण मानतं, हे मला पितृपक्षात कळायचं होतं. पण त्या दिवशी बाबा माझ्यावरच चिडले. लोक घरी आलेत आणि तू टोचून बोलतेस, म्हणाले. भाची गेल्यावर ते सूप मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "आता वर बोलावतील बघ." वर म्हणजे ब्रह्माघाटाच्या घरी, जिथे पंगत बसते तिथे. इतकी वर्षं या माणसाने त्या पंगतीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मला वाटायचं त्यांना त्याचं काही नाही. त्यांना फक्त तेच हवं होतं, आणि हे मला माझी साठी उलटल्यावर समजलं.

आणि खरंच बोलावलं. उन्हाळ्यात गेम तयार झाला. जाहिरातीसाठी कंपनीची माणसं कॅमेरे घेऊन आली, त्यांना बनारसचं जुनं घर आणि घरातला म्हातारा ड्रायव्हर असं दोन्ही हवं होतं. दादा स्वतः न्यायला आला. हात धरून एकेक पायरी करत त्याने बाबांना चढवलं. दिवाणखान्यात मोठा टीव्ही लावला होता. पडद्यावर गाडी आली आणि बाबा खुर्चीत पुढे सरकले. इंजिन धापा टाकत होतं ते त्यांच्याच छातीतून. शिट्टी त्यांची. त्या बाईने बेलच्यावरचा बटाटा उचलून खाल्ला, तिच्या डोक्यावरची ताकदीची हिरवी पट्टी भरली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती इंजिनात उतरली. तिथे डोक्याला फडकं बांधलेला, खाकीतला एक माणूस उभा होता, पाठमोरा.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

"ड्रायव्हर आहे, आजोबा," भाची म्हणाली. " याला धक्का द्यायचा. हा बटन दाबा, हा लालवाला."

त्यांनी कंपनीच्या माणसांकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. सगळे वाट बघत होते. मग त्यांनी बटण दाबलं. खाकीतला माणूस बाहेर फेकला गेला, रुळाच्या कडेला दोन कोलांट्या खाल्ल्या आणि दिसेनासा झाला. पुन्हा टाळ्या. सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. मी भाचीला विचारलं, तो पडला तर आता गाडी कोण चालवतंय? ती म्हणाली, "आत्या, गेममध्ये गाडी आपोआप चालते."

मग पानं मांडली. रांगोळ्या, उदबत्त्या, मधल्या पाटावर बाबा. दादाने कॅमेऱ्यासमोर आग्रह करून तूप वाढलं. बाबांनी वरणभात दोनदा घेतला. उठताना सवयीने आपलं पान उचलायला वाकले, तर दादाच्या सुनेने ते काढून घेतलं. परत येताना गल्लीत माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "जेवण चांगलं होतं, नाही?" मला रडू नाही आलं, संताप आला. जन्मभराचा अपमान या माणसाने एका वरणभाताबरोबर गिळला होता, आणि वर जेवण चांगलं म्हणत होता. पण त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मी फक्त हो म्हटलं.

भाद्रपदात आजीची तिथी आली. आदल्या दिवशीच बाबांनी धोतर धुवून कोणाचा हात लागणार नाही असं उंच वाळत घातलं. सकाळी आंघोळ करून ते नेसून दारापाशी खुर्चीवर बसले. "मुलगा मी आहे," म्हणाले. "भाऊ असताना ठीक होतं. आता मला बोलावतील." ऊन गल्लीत उतरलं तरी कोणी आलं नाही. मी आत जाऊन दादाला फोन लावला.

"काकांना कशाला तकलीफ द्यायची?" तो म्हणाला. "सीढ्या किती खड्या आहेत."

"उन्हाळ्यात याच जिन्याने हात धरून नेलंस ना?"

"ते वेगळं होतं गं. आज श्राद्धाला बाहेरचे ब्राह्मण आहेत, जुने लोक आहेत, उगाच कोणी काही बोललं तर? तू समज ना. मी डबा पाठवतो."

कामापुरता मामा म्हणतात, आमच्याकडे काका होता एवढाच फरक. मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेर आले तर बाबांनी सगळं ऐकलं होतं. भिंती कुठे जाड आहेत आमच्या. मला वाटलं आता तरी हा माणूस चिडेल, एक शिवी देईल. ते म्हणाले, "त्याच्यावर ओरडू नकोस. श्राद्धाच्या दिवशी घरात भांडण नको."

दुपार कलल्यावर दादाची सून डबा घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरूनच देऊन गेली. खीर, वडे, आमसुलाची चटणी, बटाट्याची भाजी. बाबा धोतर नेसूनच जेवले, पानात काही टाकलं नाही. मग भिंत धरत उठले आणि डब्याचे कप्पे घेऊन नळाकडे गेले. मी म्हटलं, ठेवा हो, मी घासते. त्यांनी ऐकलं नाही. एकेक कप्पा, एकेक झाकण, आतून बाहेरून घासलं, धुतलं, कट्ट्यावर उपडं घातलं. पाणी निथळेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग डबा लावून माझ्या हातात दिला.

"देऊन ये," म्हणाले. "धुतलाय म्हणून सांग."