न झालेलं पंक्चर

‘पंक्चर अण्णा गेले.’ दीड महिन्यापूर्वी सकाळी आमच्या चिंच तालमीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर एवढाच निरोप आला आणि खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. भूपाल अण्णांचं खरं नाव लिहावं असं निरोप पाठवणाऱ्याला वाटलं नाही, आणि हात जोडणाऱ्यांपैकीही कुणाला त्यात काही खटकलं नाही. मी साताऱ्यात, ऑफिसला निघायच्या तयारीत होतो. एक मोजा पायात, एक हातात... तसाच कॉटवर बसून राहिलो. दुःख झालंच, पण त्याआधी राग आला, आणि तो निरोप पाठवणाऱ्यापेक्षा माझा मलाच जास्त आला. हे नाव अण्णांना सगळ्या मिरजेनं दिलं असलं, तरी त्याच्या बारशाला मी हजर होतो. खरं तर पाळण्याची दोरी माझ्याच हातात होती.

आमच्या मिरजेत फुटबॉल म्हणजे गल्लीगल्लीतल्या तालमींचे संघ, आणि तालमी म्हणजे आमची चिंच आणि पलीकडच्या गल्लीतली विहीर. अंगणात चिंचेचं झाड म्हणून आम्ही चिंच, दाराशी जुनी विहीर म्हणून ते विहीर. भांडण किती जुनं, ते कुणालाच माहीत नाही. भूपाल अण्णांचं पाइप आणि पंपांचं दुकान होतं. घरचे जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचा नेम. सामना पेनल्टीवर जाऊन लोकांचे प्राण कंठाशी आलेले असले, तरी साडेपाचला अण्णा मांडीवर डबा उघडत आणि एक डोळा गोलवर ठेवून शांतपणे चपाती मोडत. त्यांच्याशेजारी बसूनच मी फुटबॉल बघायला शिकलो. ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. मला साताऱ्याच्या सरकारी कचेरीत कारकुनी लागल्यापासून ते मला ‘सरकार’ म्हणू लागले आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले.

साताऱ्यात राहून मी मिरजेचा फुटबॉल खेळायचो तो फोनवर. सामन्यांचे दिवस संपले की आमच्या खऱ्या गप्पा सुरू होत. कोण कुठल्या संघात चाललाय, कुणाचा गुडघा गेलाय, कोण नुसता भाव वाढवतोय. अण्णांना परदेशातलंही सगळं ठाऊक असे. तिकडचा एक मोठा क्लब पगार भागवता येईनात म्हणून खेळाडू विकायला काढतोय, हे त्यांनी मला दुकानात गिऱ्हाईक उभं असताना फोन करून सांगितलं होतं. “आता बघ की रं सरकार, एवढं मोठं घर, पर भिंती इकायची पाळी आली!” त्याच वर्षी, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, विहिरीलाही तेच दिवस आले. त्यांना पैसा पुरवणाऱ्या बांधकामवाल्यानं हात काढून घेतला. बाहेरचे खेळाडू निघून गेले, जर्सीसुद्धा जुन्याच धुऊन वापरायची वेळ आली. आमची पोरं त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ‘विहीर आटली, विहीर आटली’ म्हणून ओरडत. मीही साताऱ्यातून फोनवर ओरडलो. अण्णा पोट धरून हसले. हे कबूल करतो, कारण त्या दिवसापर्यंत ते आमच्यासारखेच होते.

विहिरीत एक माणूस मात्र उरला होता, त्यांचा गोलकीपर मुनीर. दिवसभर सतारीच्या कारखान्यात भोपळे तासायचा आणि संध्याकाळी गोलमध्ये उभा राहायचा. तोही गेला तर विहिरीला संघच उतरवता येणार नव्हता. आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. ज्याला संघ बदलायचा असतो त्यानं खेळाडू नोंदणीच्या शेवटच्या दिवशी पाचच्या आत समितीपुढं जाऊन स्वतः सही करायची. जो पाचपर्यंत आला नाही, तो जुन्या संघात राहिला. म्हणून ज्याच्याशी बोलणं झालंय त्या खेळाडूला आधीचे दोन दिवस गावाबाहेर नेऊन ठेवतात, नाहीतर जुन्या संघाची माणसं येऊन हातापाया पडून त्याचं मन फिरवतात. आमच्या तालमीत हे सांभाळायचं काम अण्णांचं. त्यांचा फोन आला. “सरकार, एक पाव्हणा दोन दिवस तुझ्याकडं ठेवायचा हाय. वहिनी कुठं हायत?” बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होती. “लय बेस झालं,” म्हणाले, आणि संध्याकाळी मुनीरला घेऊन माझ्या क्वार्टरवर हजर झाले. मुनीरनं विसार घेतला होता, शब्द दिला होता. त्याचा मोबाइल बंद करून अण्णांनी स्वतःच्या खिशात ठेवला होता.

ते दोन दिवस आम्ही घरात कोंडून काढले. गॅलरीत जायचं नाही, दार उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खाली एम. एच. दहाची जीप येऊन थांबली. साताऱ्यात सांगलीच्या नंबरची गाडी, तीही नेमकी आमच्या इमारतीखाली! मी पडद्याआडून बघतोय, अण्णा दाराला पाठ लावून उभे आणि मुनीर स्वयंपाकघरात. जिन्यावर पावलं वाजली, वर आली, आमच्या दाराशी थांबली... आणि समोरच्यांची बेल वाजली. बेदाणे विकणारा होता. अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण हसलं कुणीच नाही. मुनीरच्या हाताला काम नव्हतं. त्यानं माझ्या कपाटाचं कुरकुरणारं दार उतरवलं, कानस मागितली आणि अर्ध्या तासात दार बिनआवाजाचं करून ठेवलं. ते बसवता बसवता, आमच्याकडं न बघता त्यानं विचारलं, “अण्णा, तुमी मला खेळवणार का बशीवणार?”

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडं गोलकीपर होता, चांगला होता. अण्णा गॅलरीचं दार लोटून बाहेर गेले आणि त्यांनी आमचे अध्यक्ष संपतराव यांना फोन लावला. फोन स्पीकरवर नव्हता, तरी संपतरावांचं हसणं मला आत ऐकू आलं. “आवं अण्णा, त्याला खेळवायला कोण आणतंय? बाकावर बसू दे, पैसं घिऊ दे. विहीर बंद पडली म्हंजी झालं!” अण्णा आत आले. त्यांचा चेहरा मी एवढा उतरलेला कधी पाहिला नव्हता, चिंच अंतिम सामना हरली तेव्हाही नाही. त्यांना खोटं बोलता आलं असतं. ते मुनीरला म्हणाले, “बशीवणार.” मुनीरनं कानस माझ्या हातात दिली आणि भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, “शबुद दिलाय अण्णा. आता फिरलो तर दोन्ही गल्ल्या थुकतील माझ्यावर.” त्या संध्याकाळी अण्णांनी साडेपाचला डबा उघडला आणि तसाच मिटला.

शेवटच्या दिवशी जेवून आम्ही निघालो. अण्णा गाडी चालवत होते, मी शेजारी, मुनीर मागं. कराड, पेठनाका, इस्लामपूर... आष्टा मागं टाकल्यावर रस्त्याकडेला एक चहाची टपरी लागली. अण्णांनी गाडी बाजूला घेतली, किल्ली काढून खिशात टाकली आणि बाकड्यावर जाऊन बसले. पावणेचार वाजले होते. तिथून मिरज फार तर तासाभरावर. मला वाटलं, चहा घेऊन उठतील. चहा झाला, दुसरा झाला. संपतरावांचे फोनवर फोन. चौथ्या की पाचव्या वेळी अण्णांनी उचलला आणि म्हणाले, “पंक्चर झालंय,” आणि बंद केला. मी चाकांकडं बघितलं. चारही टणक. “अण्णा, तुमच्यावर येईल,” मुनीर म्हणाला. “यिऊ दे. तू आलायस, तू तुझा शबुद पाळलायस. गाडी माझी हाय. आन हे तिघांतच ऱ्हायलं पायजे, तुला त्या गल्लीत राहायचंय.” साडेचार वाजले. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघत होतो. आतून कोणीतरी ओरडत होतं की उठ, किल्ली घे, अजूनही पोचशील. मी चिंचेचा माणूस होतो हो! पाच वाजून गेल्यावर अण्णा उठले, टपरीवाल्याला पैसे दिले आणि गाडी सुरू केली.

तालमीसमोर शे-दीडशे माणसं जमली होती. संपतरावांनी अण्णांना शिव्या घातल्या, अण्णांनी मान खाली घालून ऐकल्या. मग संपतराव माझ्याकडं वळले. “तू हुतास न्हवं गाडीत? खरंच पंक्चर झालं व्हतं?” मी ‘हो’ म्हटलं असतं तर अण्णा नुसते कमनशिबी ठरले असते. ‘नाही’ म्हटलं असतं तर सगळंच समोर आलं असतं. पण तीस वर्षांची कारकुनी अंगात भिनलेली. फाइल आपल्या टेबलावर नको, एवढंच आम्हाला कळतं. मी म्हणालो, “मला झोप लागली होती.”

त्या एका वाक्यानं घात केला. शेजारी बसलेला माणूससुद्धा पंक्चरची साक्ष देत नाही म्हटल्यावर लोकांना काय ते समजलं. अण्णांनी विहिरीकडून पैसे खाल्ले, असं आठ दिवसांत पक्कं झालं. ज्या विहिरीत पाणीच उरलं नव्हतं, तिच्यातून अण्णांनी म्हणे बादली भरून आणली! मुनीरनं विसार परत केला आणि विहिरीत तो हिरो ठरला, चिंचेच्या हातून निसटून आलेला. अण्णांचं ‘पंक्चर’ हे नाव पडलं ते पडलं. सामन्याआधी नारळ फोडायला त्यांना बोलावणं बंद झालं. तरी ते प्रत्येक सामन्याला येत, आपल्याच पोरांच्या टोळीपासून दोन पायऱ्या लांब बसत. विहीर त्या वर्षी टिकली आणि मुनीरनं आमच्याविरुद्ध पेनल्टी अडवली, तेव्हा अण्णांनी कपाळावर हात मारून त्याला अशी कचकचीत शिवी दिली की मी चाट पडलो. त्यांना विहिरीचं प्रेम वगैरे काही नव्हतं. चिंच जिंकावी असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, फक्त समोर संघ उभा असताना.

मला मात्र ते कधी रागावले नाहीत. फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं, “झोप झाली का सरकार?” आणि मग हसू. ते हसू मला चाबकासारखं लागायचं, पण मी उलट हसून वेळ मारून न्यायचो. शेवटची भेट मिरजेच्या दवाखान्यात झाली. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. मी म्हणालो, “अण्णा, मी तालमीत जाऊन सगळं सांगतो.” त्यांनी बोटानं नाही म्हटलं. “मुनीरचं नाव यील रं... राहू दे.” खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

अण्णा गेल्यावर तेराव्या दिवशी तालमीत शोकसभा झाली. रीत म्हणून झाली. दहा मिनिटांत दोघं बोलले, दोघांनीही गेल्या तीन वर्षांचा विषय शिताफीनं टाळला. संपतराव समारोपाला उठणार, एवढ्यात दाराशी मुनीर दिसला. विहिरीचा खेळाडू चिंचेच्या तालमीत पाय ठेवतो, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. दोनचार पोरं तटकन उभी राहिली. चपला काढून तो आत आला आणि अण्णांच्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला, “मी तुमच्याकडं यायला निघालो व्हतो. माझ्या मर्जीनं. तुमी मला बशीवणार हे अण्णांनी मला सांगितलं आन गाडी रस्त्यात थांबवली, मला शबुद मोडावा लागू नये म्हणून. आज सकाळी मी आमच्या गल्लीतबी हेच सांगून आलोय. त्यांनी काय करायचं ते करू दे.”

संपतरावांनी त्याच्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं आणि सतरंजीची कड हातानं सारखी करत बसले. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. मला कुणी काही विचारणार नव्हतं, मी तर तेव्हा झोपलो होतो. ज्याचं सगळं जायचं होतं तो येऊन बोलून गेला होता. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं, आणि एवढंच असह्य झालं. मी उठलो.

“मी जागा होतो,” मी म्हणालो. “आष्ट्यापासून मिरजेपर्यंत सगळा वेळ मी जागा होतो.”

हे तीन शब्द बोलायला मला अण्णा जायची वाट बघावी लागली.