मागून आणलेलं अंगडं

यांचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, त्या साली मी देवीपुढे बोलले होते, 'माये, या चातुर्मासात नवं लुगडं घेणार नाही, अन् घरातलं एक चिंधुकही उकिरड्यावर जाऊ देणार नाही.' चातुर्मास संपला, नेम काही सुटला नाही. धामणगाव बढ्याच्या आमच्या ओसरीवर दुपारी बाया जमू लागल्या. शेजारच्या सुमनकाकू कापायला, रुकय्याखाला आपलं मशीन घेऊन शिवायला. जुन्या कपड्यांसारखे किस्सेही साचत गेले. एक ओढावा, तर खालून दोन निघतात!

पहिली पिशवी झाली यांच्या पँटची. खिसेसुद्धा तसेच ठेवले. बाजारात भाजीवाला म्हणाला, "गुरुजी, हे तं तुमची शाळेतली पँट हाय!"

"हाव," हे म्हणाले, "इतके वर्सं मले झाकलं, आता वांगे झाकून राह्यली!"

सुमनकाकूंची कात्री तर फारच चालते. देवळाच्या दोरीवर वाळत असलेलं पुजारीबुवांचं विरलेलं सोवळं त्यांनी आमच्या ढिगातलं समजून कापलं! गोधडी शिवून झाल्यावर बुवा शोधत आले. कपाळाला हात लावून म्हणाले, "आता या गोधडीत कोन निजंल? सोवळ्याची झाली ना हे!"

काकू कसल्या डगमगतात! "मंग देवीलेच पांघरा. थंडी तिलेबी वाजते!"

त्या हिवाळ्यापासून शेजारतीनंतर देवीच्या अंगावर आमचीच गोधडी असते.

खालाची लेक सलमा. तिची दोन लेकरं जन्मली, पण हाती लागली नाहीत. तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले, तेव्हा आम्ही मऊ कापडांचं गाठोडं बांधून खालाच्या दारात नेलं. तिनं हात लावला नाही.

"माय, परत न्या. असं लेकरू जगावं म्हून कापड घरोघर मागून आना लागते. आयतं दिलेलं चालत नाही."

झालं! आम्ही गाठोडं घेऊन परत आपापल्या घराकडे पुढे, खाला मागून. सुमनकाकू कुरकुरल्या, "मागूनच न्याचं होतं, तं इतक्या उन्हात आमाले चालवलं काऊन वं?" पण खालानं एकेकीच्या दारात ओढणी पसरली, तेव्हा कोणी हसलं नाही.

गल्लीतल्या तुकड्यांचं अंगडं झालं. बुलढाण्याच्या दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "आजी, नवीन काही आणलं नाही का?"

"नवं टोचते, बाई. हे साऱ्या गल्लीनं धुऊन धुऊन मऊ केलं हाय!"

आत नातू रडला. असा खणखणीत, की सलमा हसायला लागली.

परवा खाला पुन्हा दारात. कडेवर नातू, पुढे पसरलेली ओढणी.

"आता कोनासाठी वं?"

"सोनाळ्याची एक पोरगी हाय. दवाखान्यात सलमाच्या बाजूच्या खाटेवर होती. तिचं नाही जगलं. आता पुन्हा दिवस हायेत, पन तिले मागाची लाज वाटते."

"अन् तुले?"

खालानं नातवाकडे पाहिलं. "मले आता कायची लाज?"

बायांनो, तुमच्याही पेटीत एखादं विरलेलं, मऊ सुती लुगडं असेल. धुऊन ठेवा. अन् कोणी मागायला आलं, तर एका हाकेत दार उघडा.