बारा फोनांचा केसरीनाथ

केसरीनाथ म्हणजे कामतघरच्या यंत्रमागवस्तीतला वस्ताद माणूस. बिघडलेला लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा जॉबर, वय पंचावन्न, आणि आपल्याशिवाय जगात कुठलंही काम धड होत नाही याची त्याला पक्की खात्री. या खात्रीपायी माझी नोकरी जाता जाता राहिली.

मी माजिदा, दवाखान्यात खोकल्याच्या नव्या औषधाची चाचणी सांभाळते. कापसाच्या धुळीनं छाती भरलेले बारा कामगार त्यात होते, केसरीनाथ धरून. प्रत्येकाला औषध कंपनीनं फोन दिलेला. रोज संध्याकाळी पाचला तो वाजणार. खोकला किती, दम किती, झोप किती मोडली, शून्य ते दहा, ज्यानं त्यानं स्वतः आकडा दाबायचा. उत्तर थेट कंपनीत. कागद नाही, पेन नाही, किती छान! फक्त लूमच्या खडखडाटात फोन ऐकू कोणाला येणार, हे परदेशात बसून ठरवणाऱ्या शहाण्यांना सुचलं नाही.

दोन महिने आमच्याकडे एकही दिवस चुकला नाही. मी दवाखान्यात मिरवत होते. मग कंपनीच्या तपासनीस दिशा मॅडमचा फोन आला. बाराही जणांची उत्तरं रोज सव्वापाच ते पावणेसहा, एकामागोमाग, त्याच क्रमानं कशी येतात? बनावट निघाली तर बाराही जण बाद आणि आमचं केंद्र बंद. 

रिक्षा करून थेट कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर गेले, हे कामगार तिथंच जमतात. बाकड्यावर केसरीनाथ, मांडीवर पिशवी, पिशवीत बारा फोन. मी त्याला चारचौघांत झापलं की काका, ही काय हजेरी आहे का, एकानं सगळ्यांची लावायला? तो म्हणाला, पोरांना फोन ऐकू येत नाही, उत्तर चुकलं तर माजिदाबायचं नाक कापलं जाईल. वर मलाच चहा पाजला.

गंमत म्हणजे उत्तरं बनावट नव्हती. रोज एकेकाला टपरीवर बोलावून तो पोलिसासारखी उलटतपासणी घ्यायचा. त्यांच्यातल्या तुळशीरामनं दम दोन सांगितला, तर त्याला जिना चढायला लावून सहा करून घेतला. मी बाकीच्या अकराही जणांना वेगवेगळं विचारलं, सगळं जुळलं.

बारावा फोन त्याचा स्वतःचा. साठ दिवस, तिन्ही प्रश्नांना शून्यच. आणि हा माणूस माझ्याशी दोन वाक्यं बोलताना दम खायला तीनदा थांबला होता. तपासणीला आला की मला हसवायचा आणि सटकायचा, आणि मी हसत बसायचे. स्वतःचाच इतका राग आला मला. मग मी एकेक प्रश्न विचारला. खोकला? नऊ. दम? आठ. झोप? तो फोन खाली ठेवून म्हणाला, भिंतीला टेकून बसतो, तेवढीच.

त्याला तसंच डॉक्टरांकडे नेलं. दिशा मॅडमला सगळं खरं सांगितलं, माझ्या गाफीलपणासकट. मला लेखी ताकीद मिळाली, पण केसरीनाथ सोडून अकरा जण चाचणीत राहिले, केंद्र वाचलं. केसरीनाथची उत्तरं मात्र दुरुस्त करायची होती. कंपनीच्या संगणक यंत्रणेत जुनं काही पुसलं जात नाही. नवं शेजारी लिहायचं आणि बदलाचं कारणही द्यायचं. मी त्याच्या दवाखान्यातल्या खाटेशी बसून विचारलं, काका, कारण काय लिहू?

तो उशीला टेकून बसला.

"लिवा, मना कोनी इचारलंच न्हाय."