एकोणिसावी जास्वंद

रोज चहाच्या आधी सासरे उमललेली जास्वंदीची फुलं बशीत मांडत आणि भिंगातून पाकळ्या, केसर, तळाचा रंग तपासत. उभी हयात कंपाउंडरकीत गेलेली. "बिनचिठ्ठीची बाटली म्हणजे विषच," असं म्हणणाऱ्या या माणसाने अठरा झाडांना चिठ्ठ्या बांधल्या होत्या. एकेरी, दुहेरी, झुंबर, आणि कोणाचे पराग कोणावर लावून काय झालं, तेही.

एकोणिसावं तेवढं कोरं होतं. सासूबाईंनी पिवळ्या जास्वंदीवर कसलेसे पराग लावून बी धरलं, रोप केलं आणि फूल येण्याआधीच त्या गेल्या. यंदा ते फुललं. पिवळ्या फुलाच्या तळाशी जांभळा डोळा. तसा डोळा बागेत एकाच झाडाला होता, आणि ते झाड पराग लावण्याच्या दोन वर्षं आधीच वाळून गेलं होतं.

"बाबा, पणजीवर गेलं असेल," सून म्हणाली. "आमचे चिरंजीव नाही का तुमचं नाक घेऊन आले!"

"माझ्या नाकावर जाऊ नकोस," ते हसले, पण भिंग फुलावरून हललं नाही. "पराग तिने कुठून आणले ते कळलं की लिहीन. खोटी चिठ्ठी नाही बांधायचो."

नंतर सुनेला बागेतून त्यांचा आवाज येऊ लागला. "सांग की आता." मग कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी ते मान कलती करत.

महिन्याभरात त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या सकाळी सुनेने ते फूल उशाशी ठेवून विचारलं, "काय लिहू?"

तिच्या खांद्यावरून रिकाम्या दाराकडे पाहत त्यांनी दोनदा मान डोलावली.

"असं होय," ते पुटपुटले. मग सुनेला म्हणाले, "चिठ्ठी राहू दे. पाणी मात्र बेताने घाल, मुळं कुजतील."