कापडाखालची फळी

आयुष्यात एकाच फोटोत मी सरळ उभी आहे, आणि तो फोटो खोटा आहे. घरी कुणी पाहुणं आलं नि जुने फोटो बाहेर निघाले की मी अजूनही स्वयंपाकघरात पळते. पळते म्हणजे काय, माझं पळणं ते! लहानपणी ताप भरला आणि डावा पाय बारीक राहिला, उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. चालताना मी एका अंगाला झुकते, सरळ होते, पुन्हा झुकते. आमच्या टेमघर गावच्या पोरांनी त्यावरून मला काय काय नावं ठेवली ते इथं लिहीत नाही. मीही त्यांना काही कमी शिव्या दिलेल्या नाहीत.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. वडील गेले होते आणि आई नि मी थोरल्या भावाच्या, दादाच्या जिवावर होतो. दादाचा भिवंडीत, निजामपुऱ्यात फोटो स्टुडिओ होता. भिंतीला भिंत लागून लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं, शेड. लूम चालू असले की जमीन थरथरायची, जमिनीबरोबर तिकाटण्यावरचा कॅमेरा थरथरायचा, आणि धुतल्यावर निगेटिव्हची काच हातात घेऊन दादा कपाळाला हात लावायचा, "हलला गं फोटो!" म्हणून मोठा, चांगला फोटो काढायचा असला की तो गिऱ्हाइकाला शुक्रवारी बोलवायचा. शुक्रवारी लूम बंद. बाकीचे दिवस पासपोर्टच्या फोटोंवर भागायचं.

मी स्टुडिओत निगेटिव्ह दुरुस्त करायचे. तिरक्या काचेखाली दिवा, हातात बारीक टोक काढलेली पेन्सिल. लग्नाच्या मुलींचे फोटो यायचे, कुणाच्या गालावर देवीचे व्रण, कुणाच्या डोळ्यांखाली काळं. मी पेन्सिलीनं टिंबं दिली की सगळं गुळगुळीत. आया फोटो बघून म्हणायच्या, "अगंबाई, ही आमचीच का?" मला हसू यायचं. दुसऱ्याची खोड झाकण्यात मला तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं, उलट हात चांगला बसलाय म्हणून मी मिरवत असे.

आधी आमच्याकडे फोटोच्या मागं रंगवलेला पडदा होता. जिना, कारंजं, दोन हंस. त्यातला एक हंस ओल येऊन बदकासारखा झालेला. पडदा संपायचा तिथं एक रेघ दिसायची, तिच्याखाली आमची फरशी. मग दादा एकदा कामासाठी मुंबईला एका जाहिरातवाल्याच्या स्टुडिओत जाऊन आला आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. "अगं, भिंत कुठं संपते नि जमीन कुठं सुरू होते ते कळतच नाही! मागनं पांढरं खाली येतं, वळतं आणि पायाखाली जातं. कोपराच नाही! माणूस नुसता उजेडात उभा!" जेवतानाही तेच. आई म्हणाली, "आधी आमटी तरी घे, मग उभा राहा उजेडात."

तिथं म्हणे ते लोक रुंद कागदाचं भेंडोळं वापरतात. तसला कागद आम्हाला कोण देणार? पण भिवंडीत राहून कापडाला कोण भितो! दादानं शेजारच्या लूमवाल्याला पटवून मोठ्या पन्ह्याचं पांढरं कापड विणून घेतलं, मध्ये जोड नाही, शिवण नाही. आईनं त्याला खळ केली. छताजवळ लोखंडी नळी टांगली, तिच्यावरून कापड खाली सोडलं, जमिनीशी गोल वळवलं आणि पुढं कॅमेऱ्यापर्यंत पसरलं. वळणाला मोड पडू नये म्हणून मागं पत्रा वाकवून उभा केला. कापडावर पाय ठेवायचा तर चपला बाहेर काढायच्या, पाय धुवायचे, पुसायचे. रोज सकाळी त्यावरचं लूमचं तूस मी मऊ कुंच्यानं काढायचे.

उजेडासाठी घमेली. हसू नका, खरंच घमेली. आतून घासून लखलखीत केलेली अ‍ॅल्युमिनियमची घमेली, त्यांत मोठे बल्ब. दोन मागच्या कापडाकडे तोंड करून, म्हणजे माणसाची सावली त्याच्यावर पडत नसे. एक समोरून, त्याला बटर पेपर लावलेला, म्हणजे तोंडावर उजेड मऊ येई. आणि एक अगदी खाली, जमिनीलगत, पायांशी सावली राहू नये म्हणून. चारी लागले की दादा म्हणायचा तेच व्हायचं. कोपरा नाहीसा व्हायचा.

कापडात एकच खोट होती. एका ठिकाणी जाड तार, म्हणजे सुताचा जाड धागा, आडवी गेली होती, त्यानं या काठापासून त्या काठापर्यंत बारीकशी रेघ उमटली होती. दादानं कापड असं लावलं की ती रेघ खाली, जमिनीवर, माणूस उभं राहतो तिथं यावी. "तोंडामागं नको. पायाकडे कोण बघतंय?" असं म्हणाला.

माझ्या बरोबरीच्या सगळ्या तेव्हा उजवल्या होत्या. मला बघायला आलेले चहा पिऊन जायचे आणि परत काही कळवायचे नाहीत. मग कशेळीचं एक स्थळ आलं. शेतीवाली माणसं, मुलगा धडधाकट, नोकरीला. मध्यस्थानं फोटो मागितला. "पायाचं काय सांगू?" असं त्यानं विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "पायाचं मी बोलतो. तुम्ही फोटो तेवढा द्या."

शुक्रवारी मी रीतीप्रमाणे पाय धुतले, पुसले आणि कापडावर गेले. आईचं हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली. दादा दिव्यांशी खुडबुडत होता. म्हणाला, "डावा पाय इथं. जरा पुढं. हां, इथंच." मी पाय ठेवला आणि पायाखाली कठीण लागलं. कापडाखाली फळी होती. दोन बोटं जाडीची, कडा तासून उतरत्या केलेल्या. दादानं ती कधी तासून घेतली, कधी सरकवली, देव जाणे. मी त्याच्याकडे बघितलं. तो कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात शिरला होता.

मला तेव्हा राग यायला हवा होता. मी काही गरीब गाय नव्हते, तोंडाला तोंड देणारी होते. पण खरं सांगते, मला ते आवडलं. दोन्ही पाय पुरे टेकले होते, कंबर समतल, दोन्ही खांदे एका रेघेत. अशी मी कधी उभीच राहिले नव्हते. सगळी माणसं दिवसभर अशीच उभी असतात आणि त्यांना त्याचं काहीच कसं वाटत नाही, असं मनात आलं. मी हसले. दादा फडक्यातून ओरडला, "अशीच! अशीच राहा!" त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

निगेटिव्ह मीच दुरुस्त केलं. नाकाजवळची पुटकुळी काढली, मानेवरची वळी काढली, मागच्या कापडावरच्या दोन सुरकुत्या काढल्या. गुडघ्यांपर्यंत आले आणि पेन्सिल ठेवली. पायांकडे मी कधी बघतच नसे, दुसऱ्याच्या नाही आणि स्वतःच्या तर नाहीच नाही.

फोटो आवडल्याचा निरोप आला. बघायला येतो म्हणाले. आईनं अंगण सारवलं. मी दादाला विचारलं, "पायाचं बोललास ना?" तो म्हणाला, "बोलतो गं. आधी येऊ तर देत." मी पोहे निवडायला बसले.

मुलगा आला, त्याचे आईवडील आले. मी पोह्यांचं ताट घेऊन आतून निघाले. स्वयंपाकघराच्या दारापासून सतरंजीपर्यंत किती ते अंतर! पण त्या दिवशी ते संपेना. मी झुकले की बश्या खडखडायच्या, सरळ झाले की थांबायच्या. सगळ्यांच्या नजरा खाली, माझ्या पायांवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलाचे वडील म्हणाले, "ठेव पोरी. बस हितं." आवाजात राग नव्हता. त्यांनी खिशातून माझा फोटो काढून दादासमोर धरला. "फोटू झ्याक हाय. पन ही रेघ बग. हितून सरल येते, हितं पोरीच्या पायाशी उचलते, नं मंग परत खाली बसते. कापडाखाली फली हाय ना?"

शेतीशिवाय मुलाचे वडील कापडात आहेत एवढंच आम्हाला कळलं होतं. भिवंडीत कापडात कोण नाही? पण हा माणूस लूमवरून उतरलेले तागे तपासायचा. दिवसभर कापड उजेडासमोर ओढायचं आणि जाड तार, तुटकी तार बघायची. त्यानं फोटो हातात घेऊन मुलगी बघण्याआधी कापड बघितलं असणार. मुंबईवाल्यांच्या कागदाला तार नसते. आम्हीच शहाणे, कापड वापरलं आणि ते कापडवाल्याच्या हातात दिलं!

दादा सतरंजीची कड सरळ करू लागला.

"आमाला आदीच कललं हुतं," म्हातारा म्हणाला. "मी घरात सांगितलं, पोरीचा पाय बारका हाय. तरी आलो. पायाचं काय हाय, कुनाचं काय बारकं अस्तं, कुनाचं काय. पन ही फली कोनी ठेवली ते सांगा. पोरीला ठावं नसंल तं पोरीचा दोस न्हाय, आमी सोयरीक करू. पन फली ठेवनारी सून आमाला नको."

किती सोपं होतं! दादानं एवढंच म्हणायचं होतं, मी ठेवली. मुलगा खाली मान घालून बसला होता, पण कान दादाकडे होते. माझेही. आई दाराआड उभी होती, तिचा पदर तेवढा दिसत होता. मी दादाकडे बघत राहिले. मला त्याच्या मनातलं कळत होतं. आसपासच्या गावांत लग्नाच्या मुलींचे निम्मे फोटो त्याच्या हातचे. तो फळ्या ठेवतो असं एकदा पसरलं की कुठली आई मुलीला त्याच्यासमोर उभी करील? स्टुडिओ बसला असता. हे सगळं मला कळत होतं, आणि तरीही मी मनात ओरडत होते, बोल ना रे! एकदा बोल!

त्यानं मान खाली घातली. मला त्याची इतकी लाज वाटली की मला त्याच्याकडे बघवेना. आणि मी म्हणाले, "मीच ठेवायला सांगितली."

मुलानं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. म्हातारा मला म्हणाला, "तू?" मी म्हणाले, "हो. मला सरळ दिसायचं होतं." हे अर्धं खरंच होतं, म्हणून आवाज कापला नाही.

त्यांनी पोहे खाल्ले. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. जाताना म्हाताऱ्यानं फोटो ताटात पालथा ठेवला. चपला घालेपर्यंत वेळ होता, अंगण ओलांडेपर्यंत होता, पार वळणापर्यंत होता. मला वाटत होतं दादा आता उठेल, आता धावेल. तो सतरंजीवर बसून पोह्यांतला एक शेंगदाणा बोटानं सरकवत होता.

आई ताटं उचलून मोरीवर घासायला बसली. मी भांडले नाही. मी! शेजारीण कोंबडीवरून बोलली तरी कंबरेला पदर खोचणारी मी, आठवडाभर तोंडातून शब्द काढला नाही. नाकारलेली मुलगी म्हणून लाज होतीच, तिची सवय होती. पण भावानं मला त्या माणसांच्या हवाली केलं आणि स्वतः बसून राहिला, ही लाज नवी होती. ती कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितली तर त्याचीच अब्रू जाणार. मग मी कशाला खोटं बोलले होते?

पुढच्या शुक्रवारी दादा सकाळीच म्हणाला, "स्टुडिओत चल." गल्लीत सामसूम होती. आत गेलो तर कापड स्वच्छ झाडलेलं, दिवे लावलेले, आणि फळी बाहेर दाराशी पडलेली. तो म्हणाला, "उभी राहा." मी पाय धुतले, पुसले, कापडावर गेले. मी जरा कडूच आवाजात विचारलं, "डावा पाय कुठं ठेवू?"

"तुझा तू ठेव," तो म्हणाला आणि काळ्या फडक्यात शिरला.

मी उभी राहिले, नेहमी राहते तशी, डावा खांदा खाली. चारी दिवे अंगावर. लपायला ना जिना, ना कारंजं, ना हंस. दादा पुढचं काही सांगेना. वर बघ नाही, हस नाही. मी वाट बघत राहिले. शुक्रवार होता, लूम बंद होते, जमीन गप्प होती. तरी काळं फडकं थरथरत होतं आणि त्याच्याबरोबर कॅमेराही.

तो आपल्याला दिसू नये म्हणून मी डोळे मिटले. फडक्यातून हात बाहेर आला असेल, कारण कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबल्याचा आवाज मी ऐकला.

तो फोटो हललेला आला, डोळे मिटलेले आले. असला फोटो आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात कधी दिला नसता. दादानं त्याचं निगेटिव्ह माझ्या टेबलावर आणून ठेवलं, आणि मी त्याला पेन्सिल लावली नाही.