पिठाचं पान

आईचं पवित्र शास्त्र, तिचं जुनं बायबल, आज खिडकीत उन्हाला ठेवलं होतं. वाऱ्याने पानं उलटली आणि त्यांतून ज्वारीचं पीठ भुरभुर उडालं.

आईची प्रार्थना चुलीपाशीच चालते. मनात काही अडलं की ती तवा उतरवते, डोक्यावर पदर घेते आणि पिठाच्या हातांनीच पान काढते. मी तिला मोठ्या अक्षरांचं नवं शास्त्र आणून दिलं होतं. ते तिने कपाटात ठेवलं. म्हणाली, "यात मला काही सापडत नाही रे."

आज मी तिची पानं बघत बसलो. धीराच्या पानावर दोन-चार फिकट ठसे होते. क्षमेचं पान मात्र पिठाने पार खरखरीत झालं होतं.

माझी काकू, म्हणजे आईची जाऊ, बाबांच्या मातीला आली नव्हती. महिन्याभराने ती दारात उभी राहिली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "ये, बस. भाकरी गरम आहे." आम्ही भावंडं चिडलो होतो. आई भोळी आहे, तिला सगळं सोपं जातं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. कसलं सोपं! त्या एका वाक्यासाठी ती या पानाकडे किती वेळा आली असेल! अशा बाईचा मी मुलगा आहे, या विचाराने माझी मान ताठ झाली.

पान पुसायला फडकं घेतलं, तोच आई आतून म्हणाली, "ते राहू दे. मला अजून लागतं."